सटवाईच्या आधी

मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, अशी महाराष्ट्रातली जुनी समजूत. त्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची. अजूनही पुष्कळ घरांत ठेवतात. बोरूच्या जागी बॉलपेन आलं, एवढाच फरक. ती काय लिहून गेली हे कुणालाच वाचता येत नाही. पुढे आयुष्यात काही बिनसलं की ते न वाचलेलं अक्षरच पुरावा म्हणून पुढे केलं जातं.

या व्यवस्थेत एक अडचण आहे. जो गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यात जातो त्याची पाचवी होत नाही. त्याच्या कपाळावर लिहायला सटवाई आलेलीच नसते. तरीही दवाखान्यातून घरी आलेल्या बाईच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते ‘नशिबात नव्हतं’ हेच. कुणाच्या नशिबात? बाळाचं तर अजून लिहायचंच होतं. मग बोट आपोआप आईकडे वळतं. एकदा असं झालं तर ते लवकर खालीही येतं. दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं, की ते तिथंच राहतं. ‘हिच्या पोटात टिकत नाही’ हे वाक्य मग तिच्या ओळखीचाच भाग होतं, आणि सरकारी किंवा खासगी दवाखान्यातल्या फाइलवर ‘बीओएच’ ही तीन अक्षरं येतात : बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्ट्री. घर आणि दवाखाना दोघांनीही तिला एकाच सुरात नापास केलेलं असतं.

हा अनुभव दुर्मीळ अजिबात नाही. दिवस राहिल्याचं कळलेल्या दर शंभर खेपांपैकी साधारण पंधरा मध्येच संपतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2021 मध्ये या विषयावर लेखमाला छापली. तिच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे 2 कोटी 30 लाख गर्भ असे जातात, म्हणजे मिनिटाला 44. एकदा हा अनुभव घेतलेल्या स्त्रिया शंभरात अकराच्या आसपास, दोनदा घेतलेल्या दोनाच्या आसपास, आणि तीनदा किंवा अधिक वेळा घेतलेल्या शंभरात एकीहूनही कमी. शेवटचा आकडा लहान दिसतो. पण महाराष्ट्राएवढ्या राज्यात त्याचा अर्थ लाखांत जातो.

वैद्यकशास्त्रानेही बराच काळ यांच्याकडे बघितलं नाही. तीन गर्भ गेल्याशिवाय तपासण्या करायच्या नाहीत, असा दंडक होता. त्यामागचा तर्क अगदी चुकीचा नव्हता : एक-दोन वेळा हे निव्वळ योगायोगाने होऊ शकतं, आणि बहुतेक जणींची पुढची खेप नीट पार पडते. पण ज्या बाईचे दोन गेले तिला ‘आणखी एक जाऊ दे, मग बघू’ असं सांगण्यात जो कोरडेपणा आहे, तो आकडेवारीच्या आड लपत नाही. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संघटनेने 2017 मध्ये ही रेषा दोनवर आणली. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने 2023 मध्ये व्याख्या तीनचीच ठेवली, मात्र दोननंतरही डॉक्टरांनी तारतम्याने तपासणी करायला हरकत नाही असं म्हटलं. लॅन्सेटमधल्या लेखकांनी तर पहिल्याच वेळेपासून माहिती आणि आधार, दुसऱ्या वेळी थोड्या तपासण्या, तिसऱ्या वेळी सगळ्या, अशी पायरीपायरीची रचना सुचवली.

तपासणी मागणारी बाई नेमकं काय विचारत असते, हा मात्र वैद्यकाच्या बाहेरचा प्रश्न आहे.

इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने 1937 मध्ये दक्षिण सुदानमधल्या अझांदे लोकांवर पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रसंग तत्त्वज्ञानाच्या वर्गांत आजही सांगितला जातो. खांबांवर उभारलेली धान्याची कोठारं असतात, उन्हाच्या वेळी लोक त्यांच्या सावलीत बसतात, आणि कधीतरी एखादं कोठार कोसळून माणसं दगावतात. खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदेंना पक्कं ठाऊक असतं. ते विचारतात ते वेगळंच : हे कोठार नेमकं याच माणसांवर, याच घटकेला का पडलं? वाळवी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तिथे ते चेटकाकडे वळतात. वाचणारा शहरी माणूस हसतो, आणि सोनोग्राफीच्या खोलीत ‘ठोके दिसत नाहीत’ हे शब्द ऐकले की हाच प्रश्न विचारतो. कसं झालं हे डॉक्टर सांगू शकतात, निदान कधीकधी. ‘माझंच का’ याला त्यांच्या कागदावर रकाना नाही. तो रकाना आपल्याकडे कर्म, दोष, दृष्ट, करणी, पितर यांनी केव्हाच भरून ठेवला आहे.

पण ‘कसं’ या प्रश्नाचं उत्तर क्षुल्लक समजू नये. ते मिळालं तर कधीकधी ‘का’ हा प्रश्नच गळून पडतो.

उदाहरण लंडनमधलं आहे. 1983 मध्ये ग्रॅहम ह्यूज या डॉक्टरांनी एका आजाराचं वर्णन केलं. त्यात शरीर स्वतःच्याच विरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, रक्तात गुठळ्या होण्याचा कल वाढतो आणि गर्भ एकामागून एक जात राहतात. त्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. वारंवार गर्भ जाणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे 15 टक्क्यांपर्यंत जणींत तो सापडतो. निदानासाठी रक्ताची तपासणी एकदा करून भागत नाही. किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडं काही दिवस दिसतात. उपचार मात्र आश्चर्य वाटावं इतका साधा : ॲस्पिरिनची लहान गोळी आणि पोटावर टोचायचं हेपॅरिनचं इंजेक्शन. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 1997 मध्ये अशा 90 स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या ॲस्पिरिनवर 42 टक्के जणींना जिवंत मूल झालं, हेपॅरिन जोडल्यावर 71 टक्के जणींना. यातल्या कितीतरी जणींना तोवर कुणी ना कुणी ‘तुझं नशीब’ म्हटलं असेल. नशीब टोचण्याच्या सुईने बदलत असेल तर त्याला नशीब म्हणायचं कशाला?

इंग्लंडची राणी ॲन हिला सतरा वेळा दिवस राहिले. बहुतेक गर्भ गेले किंवा मुलं मृत जन्मली. जी जगली त्यांतला एकच मुलगा बालपण ओलांडण्याच्या बेतात होता. तोही 1700 मध्ये अकराव्या वर्षी गेला, आणि गादी जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याकडे गेली. ॲनने बापाविरुद्धच्या उठावात बहीण-मेहुण्याची बाजू घेतली होती. त्या काळच्या माणसाला यात देवाचा न्याय दिसणं सहज होतं. अलीकडच्या काही डॉक्टरांना त्यात ह्यूज यांचा आजार दिसतो. तीनशे वर्षांनी रक्त तपासता येत नाही, म्हणून तो तर्कच. पण एकाच दुःखावर दोन काळांनी लावलेल्या या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत आईचा अपराध आहे, दुसरीत नाही.

अपराध हाच खरा गाभा. चाचण्यांच्या यादीकडे या नजरेने पाहिलं की तिची वेगळी बाजू दिसते. सुरुवातीच्या आठवड्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त गुणसूत्रांच्या चुकीमुळे जातात. बीजांड आणि शुक्राणू एकत्र येताना, किंवा त्याआधी, एक गुणसूत्र जास्त होतं नाहीतर कमी. बाईचं वय वाढतं तशी ही चूक वाढते. पण तिने माळ्यावरचं पातेलं काढलं, स्कूटरवरून बाजारात गेली, पपईची फोड खाल्ली, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. पडलेल्या गर्भाचा अंश तपासला तर हे कळू शकतं. त्यासाठी तो नॉर्मल सलाइनमध्ये पाठवावा लागतो. सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकला की पेशी मरतात आणि त्या वाढवून पाहणं अशक्य होतं. एवढ्या साध्या गोष्टीने एका बाईचं उत्तर कायमचं हरवतं. क्युरेटिंगच्या आधी घरच्या कुणीतरी ‘अंश तपासणीला कशात घालून पाठवणार?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा. त्या घटकेला तिला स्वतःला तो सुचण्याची शक्यता कमी.

आणखी एक चाचणी आहे जिच्यासाठी नवऱ्याचाही हात पुढे करावा लागतो. वारंवार गर्भ जाणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी दोन ते पाच जोडप्यांत आई किंवा वडील यांच्यापैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलून बसलेले असतात. त्या व्यक्तीची प्रकृती ठणठणीत असते, पण गर्भ टिकत नाहीत. ती व्यक्ती तो असू शकतो, हे ऐकून पुष्कळ बैठकीच्या खोल्यांत शांतता पसरते.

आता कर्माकडे. ‘मागच्या जन्मीचं काहीतरी’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज निघतं की परंपरेचं तेच एकमुखी मत आहे असं वाटावं. तसं ते नाही. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो : माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतो. पित्त, कफ, वात, तिघांचा कोप, ऋतुबदल, वागण्यातली हयगय, अचानक झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळ्याला कर्म लावणारे आपल्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जग ज्याला खरं मानतं त्याच्याही, असं तो म्हणतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणं सांगितली आहेत. दैव त्यात शेवटचं. टिळकांना ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं, कारण पहिल्यातून दुसऱ्याची गळचेपी होते ही शंका त्यांच्याही वाचकांना होती.

या वादात सगळ्यांत झणझणीत बोलतो तो चरक. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात पांचाल देशातल्या काम्पिल्य नगरीजवळ, उन्हाळ्याच्या अखेरीस, गंगेच्या काठाने आत्रेय ऋषी शिष्यांसह फिरत असतात. अग्निवेश विचारतो, आयुष्याचं माप ठरलेलंच असतं का? आत्रेय म्हणतात, दैव म्हणजे मागच्या देहात केलेलं, पुरुषकार म्हणजे या देहात केलेलं. दुबळ्या दैवाला पुरुषकार मागे सारतो, बलवान दैव पुरुषकाराला. पुढे तर ते ठरलेपणाची चक्क थट्टा करतात. सगळं आधीच नेमलेलं असतं तर कुणी मंत्र, औषधी, मणी, बळी, होम, उपवास, प्रायश्चित्त यांच्या वाटेला गेलं नसतं. पिसाळलेला हत्ती दिसल्यावर बाजूलाही झालं नसतं. चांगल्या लाकडाचा आस आपल्या वेळेला झिजतो, पण त्याच गाडीत बेसुमार ओझं भरलं तर वाटेतच मोडतो. तसंच आयुष्याचं, असं ते सांगतात.

या यादीत औषधाच्या शेजारी होम आणि बळी बसले आहेत, हे लक्षात घ्यावं. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला जाणारं जोडपं ‘जे लिहिलंय ते होणार’ असं मानत असतं, तर नाशिकचं तिकीटच काढलं नसतं. तेही एका अर्थी चाचणीच मागत असतं. तीन दिवसांचा तो विधी. त्यात कणकेचा साप करून त्याला अग्नी देतात, नागहत्येचा दोष जावा म्हणून. ज्यांनी उभ्या जन्मात साप मारला नाही तेही या जन्मातला नाहीतर मागचा म्हणून करतात. तेव्हा देवळाच्या पायऱ्या आणि प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढणाऱ्यांमधला भेद श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा सरळ नाही. भेद आहे तो कारण सापडल्यावर ते कुणाच्या अंगावर टाकायचं याचा.

परंपरा इथेही एकमुखी नाही, आणि हे मान्य न करणं अप्रामाणिक ठरेल. चरकसंहितेतच ‘पुत्रघ्नी’ नावाचा योनिविकार सांगितला आहे. त्यात गर्भ राहतो आणि पुनःपुन्हा नष्ट होतो. कारण रूक्ष झालेला वायू आणि बिघडलेलं रक्त. नाव कठोर, पण निदान शरीराचं. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात मात्र जातहारिणी येते, मुलं हिरावून नेणारी, आणि ती कुणाला धरते याच्या वर्णनात धर्म सोडलेल्या बायकांची लांबलचक यादी आहे. दोन्ही ग्रंथ वैद्यकाचेच. एकाने बाईला शरीर पाहून उत्तर दिलं, दुसऱ्याने चारित्र्य पाहून.

देवकीचंही तसंच. सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या उदरात नेला तेव्हा मथुरेच्या लोकांनी देवकीचा गर्भ पडला म्हणून हळहळ केली, असं भागवतात आहे. म्हणजे भागवताच्या मथुरेत बलरामाचा जन्म आधी एका गर्भस्रावाची बातमी म्हणून पसरला. देवीभागवताने तिच्या दुःखाचं कारण तिच्याच पूर्वजन्मात शोधलं : ती अदिती होती, इंद्राने दितीचा गर्भ कापला, आणि दितीने अदितीला पुत्रशोकाचा शाप दिला. श्रीमद्भागवताने दुसरी गोष्ट सांगितली. मारली गेलेली सहा मुलं मुळात मरीचीचे पुत्र. ब्रह्मदेवाला हसले म्हणून त्यांना शाप मिळाला. दोष मुलांचा, आईचा नाही. कर्मसिद्धान्ताला हे जास्त सुसंगतही आहे : ज्याचं कर्म त्याने भोगायचं, तर गर्भातून परत गेलेल्या जिवाचा हिशेब आईच्या नावावर कसा?

पण त्या गोष्टीतली खरी बारीक जागा पुढे आहे. दशम स्कंधाच्या पंच्याऐंशीव्या अध्यायात देवकी म्हातारी झालेली आहे. कृष्ण-बलराम जगज्जेते, द्वारकेत सगळं वैभव. कृष्णाने गुरूचा मेलेला मुलगा परत आणला होता हे ऐकून ती म्हणते, मला माझी ती सहा मुलं एकदा पाहायची आहेत. दोन मुलं जगली, नावारूपाला आली, तरी आधीची सहा तिच्या मोजणीतून गेलेली नाहीत. कृष्ण सुतलात जातो, बळीराजाला सगळी पूर्वकथा सांगतो आणि मुलं घेऊन येतो. शापाचं कारण तो बळीला सांगतो. देवकीला तो कारण सांगत बसत नाही. मुलं तिच्या मांडीवर देतो, ती त्यांना पाजते, आणि ती निघून जातात. ‘अगं, त्यांचा शाप होता’ हे वाक्य व्यासांनी त्या खोलीत येऊ दिलं नाही. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात हा अध्याय लावायला हरकत नाही.

कारण हवंच असणाऱ्या आईचं उदाहरण इतिहासात शोधायचं तर कल्याणला जावं लागेल. 1865 मध्ये जन्मलेल्या, तिथल्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळी सटवाईचा लेख म्हणून गप्प बसणं अगदी शिष्टसंमत होतं. 1883 मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. परंपरेला शिव्या न देता आणि तिच्यापुढे हात न जोडता, तिची पानं उलटून पाहण्याचा तो प्रयत्न होता. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1887 मध्ये, त्या पुण्यात गेल्या. वय बावीसही पुरं नव्हतं.

इथपर्यंत चाचणीची बाजू मजबूत दिसते. पण एक नकोसं सत्य उरतं : सगळ्या तपासण्या करूनही साधारण निम्म्या जोडप्यांना कारण सापडत नाही. रिपोर्टांची जाड फाइल हातात येते, प्रत्येक पानावर ‘नॉर्मल’. डॉक्टरांसाठी ही चांगली बातमी असते, बाईसाठी ती सगळ्यांत क्रूर. आजार नाही, तर मग मीच?

आणि नेमक्या या पोकळीत वैद्यकानेही आपले नागबळी केले आहेत. 1940च्या दशकापासून अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून डाइएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम संप्रेरक सर्रास दिलं गेलं. 1953 मध्ये शिकागोतल्या चाचणीत त्याचा उपयोग शून्य ठरला. तरी डॉक्टर देत राहिले, बायका मागत राहिल्या, कारण काहीच न करणं दोघांनाही सोसत नव्हतं. 1971 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींत योनीचा एक दुर्मीळ कर्करोग दिसला. त्यांच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतलं होतं. आईच्या पोटात असताना हे औषध मिळालेल्या मुली मोठ्या झाल्या तेव्हा त्यांचे स्वतःचे गर्भ जाण्याचं प्रमाणही जास्त निघालं. जे टाळायचं म्हणून आयांनी गोळ्या घेतल्या तेच लेकींच्या वाट्याला आलं.

नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचारही असाच. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत तो घेणाऱ्यांना जिवंत मूल होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा उलट कमी निघालं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2002 मध्ये तो संशोधनापुरता मर्यादित केला. भारतातल्या काही शहरांत तो अजून विकत मिळतो. ‘टॉर्च’ तपासणी तर आपल्याकडे जवळजवळ संस्कारांपैकी एक झाली आहे. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरेंचा संसर्ग एखादा गर्भ बिघडवू शकतो, पण एकामागून एक गर्भ जाण्याचं ते स्पष्टीकरण होत नाही, म्हणून ब्रिटिश मार्गदर्शिकेने ती सोडून द्या असं केव्हाच सांगितलं. रिपोर्टमध्ये जुन्या संसर्गाची खूण दिसते, घरात ‘सापडलं एकदाचं’ म्हणून सुटकेचा श्वास सोडला जातो, आणि न लागणाऱ्या गोळ्या सुरू होतात. मांजर पाळणाऱ्या शेजाऱ्यांशी भांडण होतं ते निराळंच.

याच भुकेवर भोंदूही जगतात. महाराष्ट्रात 2013 मध्ये, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत अलौकिक शक्तीने मूल देतो असं सांगून निपुत्रिक स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा म्हणून नोंदवावा लागला. कायद्यात एखादी गोष्ट लिहावी लागते ती घडत असते म्हणूनच. जपानमध्ये न जन्मलेल्या मुलांसाठी ‘मिझुको कुयो’ हा बौद्ध विधी करतात. देवळात जिझोच्या लहान मूर्तींना लाल टोपडी आणि लाळेरी बांधतात. शोकाला जागा देणारी ती सुंदर रीत आहे. पण 1970च्या दशकात तिथल्याही काही जणांनी ‘विधी केला नाहीस तर त्या जिवाचा कोप होईल’ अशी भीती घालून पैसा केला.

मग कारण न सापडलेल्या बाईला सांगायचं काय? 2015 मध्ये प्रोजेस्टेरॉनची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या 836 स्त्रिया, सगळ्यांचे अनेक गर्भ गेलेले, कारण माहीत नाही. औषध मिळालेल्यांपैकी 65.8 टक्के जणींना मूल झालं, नुसती खोटी गोळी मिळालेल्यांपैकी 63.3 टक्के. औषध हरलं, एवढीच त्याची बातमी झाली. खरी बातमी दुसऱ्या आकड्यात आहे : काहीही न करता जवळजवळ तिघींपैकी दोघींना मूल झालं. (पुढे 2019 च्या दुसऱ्या चाचणीत असंही दिसलं की आधी तीन वा अधिक गर्भ गेलेल्या आणि या खेपेला रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रियांना याच औषधाचा उपयोग होतो : 57 च्या जागी 72 टक्के. प्रश्न नेमका विचारला तर उत्तरही नेमकं येतं.) त्याआधी 1984 मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी कारण न सापडलेल्या स्त्रियांना फक्त नियमित भेट, तपासणी आणि धीर दिला, 86 टक्के जणींना मूल झालं, तशी देखभाल न मिळालेल्या गटात 33 टक्के. गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, त्यामुळे या आकड्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. तरी दर आठवड्याला ओळखीचा डॉक्टर भेटतो आणि ठोके ऐकवतो, याने कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही.

‘कारण माहीत नाही, पण शक्यता तुझ्या बाजूने आहे’ हे वाक्य पचायला फार जड आहे. नियतिवादी त्यातलं ‘माहीत नाही’ सहन करू शकत नाही, आणि तपासणीवर भिस्त ठेवणाराही नाही. बुद्धाने सीवकाला आठ कारणं सांगितली ती सगळी तपासून झाल्यावरही नववी जागा रिकामी राहू शकते, आणि ती आईच्या दोषाने भरायची नाही, एवढी शिस्त दोन्हीकडच्यांना जमली तर पुरे.

शोकाचा प्रश्न तरीही उरतोच, आणि त्याबाबत जुने शास्त्रकार आजच्या घरांपेक्षा थोडे जागरूक निघतात. गर्भस्राव झाल्यास जितके महिने तितक्या रात्रींचं अशौच आईला, असं मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधू’तही या अशौचाची चर्चा येते. अशौच ही शिवाशिवीची कल्पना, तिचे गोडवे गाण्यासारखं काही नाही. पण काहीतरी घडलं, कुणीतरी गेलं, याची दिवस मोजून नोंद तिथे होती. आज ‘तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही’ हा नियम आहे. दृष्ट लागू नये म्हणून, किंवा पुढे वाईट झालं तर लोकांना सांगावं लागू नये म्हणून. आणि बहुतेक गर्भ जातात ते याच न सांगण्याच्या काळात.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला गर्भ गेल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. धर्मशास्त्राने तीन महिन्यांच्या गर्भाला तीन रात्री दिल्या होत्या, संसदेने बेचाळीस दिवस दिले. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो, आणि दाखला दिला की दिवस होते हे कचेरीला कळतं, कचेरीतून नणंदेच्या ओळखीच्यांना, तिथून सासूला, जिला अजून सांगायचं ठरलेलं नसतं. मग कितीतरी जणी अर्जात ‘व्हायरल ताप’ लिहितात आणि तीन दिवस मागतात.